हलक्या नळीतला गंज

ती रेसिंग सायकल मी इकडे हिंदी मुलखात, बबीना या लष्करी गावातल्या एका निवृत्त सुभेदारांकडून घेतली. जुनी विलायती, पातळ नळ्यांची, एका हाताने उचलावी अशी. नळ्यांच्या पोलादात क्रोम मिसळलेलं असतं, म्हणून तिला गंज चढणार नाही, असं मी घरात छातीठोकपणे सांगितलं. कारखान्यात वीस वर्षं इंजिनिअर म्हणून काढल्यावर कोण कशाला शंका घेणार? लेक रोज सकाळी तीच सायकल घेऊन छावणीत फिरायला जाऊ लागली.

पावसाळा संपल्यावर एकदा साखळीला तेल द्यायला सायकल उलटी केली, तर नळीत वाळू सरकल्यासारखा आवाज आला. मी दुर्लक्ष करायचं ठरवलं, पण चैन पडेना. दुसऱ्या दिवशी कारखान्यात धातूंची तपासणी करणाऱ्या सहकाऱ्याला सहज विचारलं.

"त्यात क्रोम जेमतेम एक टक्का," तो म्हणाला. "स्टेनलेस व्हायला दहाच्या वर लागतं. ही साध्या लोखंडासारखीच गंजते."

पुढच्या सकाळी उठलो तेव्हा लेक निघून गेली होती. चहाचा कप तसाच ठेवून स्कूटर काढली. छावणीच्या उतारावर ती दिसली, हात सोडून भरधाव येत होती.

"थांब. उतर खाली."

"क्या हुआ बाबा? आई बरी आहे ना?"

"आई बरी आहे. सायकल हातात धरून चल."

ती सायकल ढकलत आणि मी स्कूटर रेटत, असे आम्ही मिस्त्रीच्या दुकानात पोचलो.

मिस्त्रीने पेडलचा धुरा काढला. मूठभर तांबडे पापुद्रे जमिनीवर पडले. मग त्याने खालच्या नळीला स्क्रू पिळायचा पेचकस टेकवून जरा दाबला आणि तो सरळ आत गेला. लेकीने माझ्याकडे पाहिलं. मला तिच्याकडे बघवेना.

दुकानात एका दूधवाल्याने विकलेली जुनी जड फ्रेम टांगलेली होती. मिस्त्रीने तीही दाखवली. आतून तितकीच तांबडी होती, पण पेचकस तिच्यात रुतेना.

"लोहा तो दोनों में लोहा ही है, साहब," तो त्या फ्रेमच्या जाड नळीवर टिचकी मारत म्हणाला. "बस इसमें जंग के खाने को ज़्यादा है."

भोकावर ठिगळ लावून देतो म्हणाला. मी नको म्हटलं. लेकीचा विरस झाला, तरी मी ऐकलं नाही. शेवटी दूधवाल्याचीच फ्रेम घासून, आतून तेल फिरवून, तिच्यासाठी बांधून घेतली. जड आहे अशी तिची रोजची कुरकुर असते. परतायला दहा मिनिटं उशीर झाला की मी फाटकाशी जाऊन उभा राहतो. त्याचा तिला फार राग येतो.