काचेतलं गलबत

बाबांना जाऊन चाळीस दिवस झाले, आज त्यांचा चाळिसावा. बंदरावर कुणी गलबताला माशाचं तेल फासत होतं. त्या वासासरशी सत्तावन्न सालचा आमचा रत्नागिरीतला ओटा आठवला. मी मुंबईच्या कॉलेजातून सुट्टीला आलो होतो.

बाबा तांडेल, गलबत चालवणारे. म्हणाले, "मुंबईच्या म्युझियमात काचेत गलबत ठेवलंय म्हणतात. तुला सोडायला येईन तेव्हा शिडाच्या दोऱ्या बरोबर बांधल्यात का बघून येऊ."

त्यांच्या लुंगीला हाच वास होता. तिथे मित्र भेटले तर, या लाजेने मी बेत सोमवारचा ठरवला. सोमवारी म्युझियम बंद असतं, हे मला ठाऊक होतं.

बंद फाटकापाशी बाबा हसले. "एवढा शिकलास, नि वार बघायचा विसरलास?" मग माझा चेहरा पाहून म्हणाले, "असू दे रे. काचेतलं गलबत कुठं जातंय?"

ते अजून तिथेच आहे.