बोरन्हाणाची सफरचंदं

बोराच्या झाडाला सफरचंदाचं झाड समजून मी शुक्रवारी, म्हणजे आमच्या हक्काच्या सुट्टीच्या दिवशी, अख्ख्या घराला भल्या सकाळी उठवलं.

धाकट्याची पहिली संक्रांत होती. त्याच्या बोरन्हाणासाठी सासूबाई खास सोलापूरहून बहारीनला आल्या होत्या. काळं झबलं, हलव्याचे दागिने, चुरमुरे, सगळं बॅगेतून आलं. बोरं तेवढी नाहीत, कारण फोनवर मीच ऐटीत म्हणालो होतो, "कशाला वजन वाढवता? इथे सगळं मिळतं." मिळतंही, फक्त मी शोधायला निघालो तेव्हा बोरं संपलेली होती. मनामातली भाजीची दुकानं पालथी घालून हात हलवत माहूजला घरी आलो आणि विचारलं, "ऑलिव्ह चालतील का? आकार साधारण तोच."

लग्न झाल्यापासून सासूबाईंनी मला एका शब्दानं दुखावलेलं नाही. म्हणाल्या, "बघा, तुम्हाला बरं वाटेल तसं." पण रथसप्तमी तोंडावर आली होती, त्यानंतर बोरन्हाण कसलं? रोज सकाळी त्या डब्यातून हलव्याचा इवलासा मुकुट काढायच्या, फुंकर घालायच्या आणि परत ठेवायच्या. तेच मला लागायचं.

तेवढ्यात ऑफिसातल्या बहारीनी मित्रानं मोबाइलवर फोटो दाखवला. फांदीवर गोल, हिरवट-पिवळी, एका अंगानं लाली चढलेली फळं. "वडिलांच्या बागेत लागलीत. पोरांना घेऊन जा, हातानं तोडा." फळाचं नाव विचारायचं मला सुचलं नाही. डोळ्यांना दिसतंय ते विचारायचं कशाला? सफरचंदंच ती; म्हटलं, बोरं नाहीत तर नाहीत, सासूबाईंचं मन तरी रमेल.

"ॲपल्स? इन बहारीन?" आमची नऊ वर्षांची लेक. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. "बाबा, दे नीड कोल्ड."

"मग हिवाळाच आहे की. स्वेटर घाल."

बायकोनं दोन मोठ्या पिशव्या घेतल्या.

बुदैया गावाकडे खजुरीच्या झाडांमागे ती बाग होती. मित्राचे वडील फाटकातच उभे होते. म्हाताऱ्याचं हिंदी माझ्याहून बरं. त्यांनी गहवा, म्हणजे अरबी कॉफी, पाजली, खजूर दिले आणि आम्हाला एका डेरेदार झाडाखाली नेऊन सोडलं. फांद्या पार जमिनीपर्यंत वाकलेल्या. लेकीनं हात घातला आणि ओरडली, "आऊच!"

"सफरचंदाला काटे असतात का हो?" सासूबाईंनी विचारलं.

खरं तर मलाही तोच प्रश्न पडला होता. फळं लिंबाएवढी, पानं चकचकीत, वास कुठेतरी ओळखीचा. पण कुतूहल गप्प बसून करायची गोष्ट आहे, हे मला कधी जमलेलं नाही. "वाळवंटी जात आहे ही," मी म्हणालो. "पाणी कमी, म्हणून फळ लहान. काटे उंटांसाठी." आणि एक फळ तोडून कचकन चावलो.

दातांखाली आठोळी आली. तेव्हा कळलं. पण तोंड आधीच सुरू झालं होतं. "बी जरा मोठी असते," मी म्हणालो.

सासूबाईंनी मान डोलावली. मग पदर सावरत, अगदी हळू म्हणाल्या, "त्यांना एवढं विचाराल का? नातवाच्या अंगावर घालायला ही... ही सफरचंदं थोडी नेली तर चालतील का?"

मी विचारलं. सफरचंद हा शब्द वगळून विचारलं. म्हातारा खूश झाला. थोडी कशाला? त्यांनी आतून चादर आणून झाडाखाली अंथरली, बाळाला चादरीच्या कडेला आजीच्या मांडीवर बसवायला सांगितलं आणि "यल्ला!" म्हणत फांदी गदागदा हलवली. चादरभर टपटप सुरू झाली. सासूबाईंनी ओंजळ भरली आणि एकेक फळ नातवाच्या डोक्यावरून हलकेच ओघळू दिलं. ना मुकुट, ना काळं झबलं. पोरगं खिदळत होतं. सासूबाईंचे डोळे भरले होते, तरी ओंजळ थांबत नव्हती.

लेक एक फळ निरखत होती. "आजी, दीज आर बोर, राइट? फ्रॉम द फोटो यू शोड मी?"

आजीनं माझ्याकडे पाहिलं. मी झाडाकडे पाहिलं.

"आई, तुला कधी कळलं गं?" बायकोनं विचारलं.

"गाडीतून उतरले तेव्हाच. वास आला की."

"मग बोलायचं नाही का तुम्ही?" मी म्हणालो. "मी आपला बडबडतोय मघापासून."

"म्हटलं, जावईबापू एवढं सांगतायत तर ऐकावं." त्यांनी पुन्हा ओंजळ भरली. मग इतक्या वर्षांचं न दुखावण्याचं व्रत बाजूला ठेवून म्हणाल्या, "पण खरं सांगू? हे झाड आमच्याकडची शेळीसुद्धा ओळखते हो."