ट्रकची वाट पाहणारे घरमालक

काळजी करण्याच्या बाबतीत जर्मनीतल्या र्युसेल्सहाइमच्या आमच्या घरमालकांना सबंध युरोपात तोड नव्हती. इतर माणसं काही घडलं की काळजी करतात. हे गृहस्थ काहीच घडत नाहीये म्हणून हवालदिल व्हायचे. टपालवाला हसला तरी हे दाराला कडी घालत. ऐंशीकडे झुकलेलं वय, दरवाजाएवढे खांदे, आणि मिशा अशा की कबुतरांच्या जोडप्यानं त्यांत सुखानं संसार करावा. पण घराखाली जरा मोठा ट्रक थांबला, की हा पहाड कोट-टोपी-बूट चढवून जिन्यात उभा! ट्रक फर्निचरचा असो नाहीतर बिअरचा. "वर्दी बदलते," ते मला बजावत, "ट्रक तोच असतो."

त्यांच्यापुरतं ते खरंच होतं. युक्रेनच्या पश्चिमेला ल्विव्हजवळ त्यांचं खेडं. जन्मले तेव्हा तिथे पोलंडचं राज्य होतं. शाळा संपत आली तोवर सोव्हिएत आले. मिसरूड फुटलं तर जर्मन आले, आणि त्यांनी ट्रकमध्ये कोंबून यांना इथे मजुरीला आणलं. युद्ध संपलं म्हणून परत निघावं, तर गावात पुन्हा सोव्हिएत, आणि परतणाऱ्यांना सैबेरियाची धास्ती. "माझं गाव जागचं हललं नाही," ते म्हणत, "देशच येऊन-जाऊन होते. पाहुण्यासारखे. आणि प्रत्येक पाहुणा जाताना घरातलं कोणीतरी घेऊन गेला."

मग ते इथेच राहिले. मोटारींच्या कारखान्यात दारं बसवण्यात आयुष्य गेलं आणि सगळा कारखाना त्यांना 'रशियन' म्हणत राहिला. हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. एकदा हीटर दुरुस्त करायला आलेला भला माणूस "तुम्हा रशियनांना थंडीचं काय!" असं बोलून गेला. झालं, व्याख्यान कीव्हच्या प्राचीन राजांपासून सुरू झालं. कोसॅकांच्या बंडापर्यंत पोचेस्तोवर त्या माणसाला दाढी उगवली. झारनं युक्रेनियन भाषेतली पुस्तकं छापायला बंदी केली, या प्रकरणावर तो रडवेला झाला आणि हत्यारं तिथेच टाकून पळाला. आम्ही सबंध आठवडा कानटोप्या घालून जेवलो.

आम्हाला घर मिळालं तेही या इतिहासामुळेच. म्युनिकपासून इथवर सगळे घरमालक पगार विचारत; यांनी विचारलं, "तुमच्या गावावर राज्य कोणाचं?" मी सांगितलं, मामाचं गाव निपाणी, घरात मराठी आणि राज्य कर्नाटकाचं. ते उठून उभे राहिले, माझा हात धरला आणि किल्ल्याच देऊन टाकल्या. पुढे दर महिन्याला दबक्या आवाजात चौकशी व्हायची, "तिकडे ट्रक नाहीत ना आले?"

त्यांची दिवंगत पत्नी पूर्वेकडची, पोल्टाव्हाची. स्टालिनच्या काळातल्या दुष्काळातून लहानपणी वाचलेली. तिच्या धाकानं या घरात पावाचा तुकडा कधी टाकला गेला नाही. वाळवून, उशांच्या अभ्र्यांत भरून तळघरात रचला जाई. तेवढ्या साठ्यावर र्युसेल्सहाइमनं सहज वर्षभर वेढा सोसला असता.

मूलबाळ नव्हतं. गावी राहिलेला धाकटा भाऊही गेलेला. उरली होती फक्त त्या भावाची नात, कीव्हला शिकणारी. आणि २००४च्या नोव्हेंबरात, निवडणुकीत लबाडी झाली म्हणून लाखो माणसं कीव्हच्या चौकात उतरली, त्यांत ही पोरगीही तंबू ठोकून बसली.

घरमालकांनी अन्न सोडलं. फोन कडेवर घेऊन हिंडायचे. तिच्याशी काय बोलणं झालं ते लगेच मला जर्मनमध्ये ऐकवायचे. "म्हणते, आजोबा, इथे लाखो लोक आहेत. मी म्हटलं, पोरी, तेवढे ट्रक त्यांच्याकडे असतात!" मतदान पुन्हा झालं, चौकातली माणसं जिंकली, टीव्हीवर नाचली. हे म्हणाले, "आता येतील. माणसं नाचायला लागली की मगच येतात."

जानेवारीत, म्हणजे शेजारी आपली नाताळची झाडं रस्त्यावर फेकून देतात तेव्हा, यांचा जुन्या पंचांगाचा नाताळ येई. फेकलेल्यातलंच एखादं झाड ते वाजतगाजत घरात आणत. त्या वर्षी नात बसनं येणार होती. दुपारी पोचायची ती संध्याकाळ झाली तरी नाही. मोबाइल बंद. टेबलावर बारा पदार्थ मांडलेले, मधोमध मध-खसखस घातलेले शिजवलेले गहू. "अहो, ही तर आपली गव्हाची खीर!" बायको माझ्या कानात म्हणाली.

त्यांच्या रीतीप्रमाणे एक रिकामं ताट घरातल्या गेलेल्या माणसांसाठी मांडलं होतं. शेजारी नातीचं ताट, तेही रिकामंच. घरमालक त्या दोन ताटांकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "तुम्ही बसा तिथे."

"अहो, ती तिची जागा ना?"

"म्हणूनच. आज रिकामं ताट मेलेल्यांचं. एक पुरे."

मी बसलो. आयुष्यात इतक्या अवघड खुर्चीत बसलेलो नाही. पहिला तारा दिसल्याशिवाय घास घ्यायचा नाही, आणि आभाळ तर गच्च भरलेलं. शेवटी बायकोनं खिडकीतून बोट दाखवलं. "तो बघा तारा!" फ्रँकफुर्टला उतरणारं विमान होतं.

"हलतोय," घरमालक म्हणाले.

"हो, पण चमकतोय ना?"

त्यांनी चमच्यात गहू घेतले. ते छताला उडवायचे; जितके चिकटतील तितकं वर्ष बरकतीचं. पण हात वर जाईना. एकही दाणा चिकटला नाही तर? तेवढ्यात दाराची घंटा वाजली. गहू आपोआपच उडाले. त्यातले किती वर राहिले आणि किती माझ्या टकलावर, हे कोणी पाहिलं नाही.

पोलंडच्या सीमेवर बस बंद पडली होती. पोरगी गारठून निळी झालेली. "टोपी कुठाय?" म्हणून आधी ते तिच्यावर खेकसले. मी चटकन उठलो, ती माझ्या खुर्चीत बसली. अर्धं बोलणं मला चेहऱ्यांवरून कळलं, उरलेलं तिनं हसत जर्मनमध्ये सांगितलं.

"गोळ्या झाडल्या?"

"नाही, आजोबा."

"ट्रक?"

"निघाले होते म्हणे. वाटेतून परत फिरले."

"परत फिरले?"

"हो."

पुढल्या प्रत्येक पदार्थाबरोबर त्यांनी तेच विचारलं आणि तिनं न कंटाळता तेच सांगितलं. दोन वर्षांनी ते गेले; तोवर, ती सांगते, दर फोनवर हाच प्रश्न असे. त्या संध्याकाळी मात्र ती जेवत होती आणि ते ताटाला हात न लावता नुसते तिच्याकडे बघत होते. मी भिंतीशी उभाच होतो. मला दुसरी खुर्ची द्यायचं कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि मलाही मागावीशी वाटली नाही.