संजूने सांभाळलेला जुना कंपायलर

संजूच्या धाकट्या भावाचा फोन आला, तेव्हा तिच्याशी बोलून मला आठ महिने झाले होते. "मंदारदादा, ताई गेली रे..." तिला कॅन्सर होता, हेही मला त्याच फोनवर कळलं.

आमची मैत्री कॉलेजपासूनची. दृष्टिहीनांना स्क्रीनवरचं मराठी वाचून दाखवणारा एक प्रोग्राम आम्ही दोघांनी लिहिला होता. फुकट, कुणीही घ्यावा, हवा तसा बदलावा. लिहिलेला कोड मशीनला चालवता येईल असा करून देतो, तो कंपायलर. त्याचं नवीन व्हर्जन आलं की आमचा कोड अडायचा. नव्यासाठी दुरुस्त केला की जुन्यावर अडायचा. संजू दर रविवारी चारकोपच्या घरी बसून आमचा कोड एकेका व्हर्जनवर बिल्ड करून, म्हणजे कंपायलरमधून काढून त्याचा चालता प्रोग्राम होतो का ते बघायची. मी वैतागायचो.

"अगं, जुनं सोड ना. कोण वापरतं आता?"

"ज्यांच्याकडे जुनीच मशीन आहेत ते. त्यांना काय सांगू, गप्प बसा?"

शेवटी जुन्या कंपायलरसाठीच्या ओळी मी तिला न विचारता काढून टाकल्या. पंधरा दिवसांनी कणकवलीकडच्या एका शाळेतल्या बाईंनी तिला कळवलं, नवा प्रोग्राम इथे बिल्डच होत नाही, मुलांचे संगणक मुके झालेत. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "विचारायचंस तरी, यार," एवढंच म्हणाली. चूक कबूल करायची सोडून मी म्हणालो, "मग तूच सांभाळ सगळं." आणि फोन ठेवला... तेच आमचं शेवटचं बोलणं.

त्या फोननंतर मी तो कोड पहिल्यांदा उघडला, तो ती गेल्यावर. तिने ओळी परत घातल्या होत्या. नंतर आलेल्या नव्या व्हर्जनसाठीही दुरुस्त्या केल्या होत्या, उपचार चालू असताना, एकटीने. वर टीप होती: 'या ओळी काढू नका. काही अडलं तर मंदारला विचारा. त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं.' भर ऑफिसात मला रडू फुटलं.

परवा तिच्या घरी गेलो. "उभो कित्याक? बस मरे तिच्या खुर्चेर," तिची आई म्हणाली. संजू बुटकी, खुर्ची तिने अगदी खाली घेतलेली होती. बसलो तर माझे गुडघे टेबलाला टेकले. वर करायचा खटका हाताशीच होता... मी तसाच बसून राहिलो.