शिपायाची चार पदकं

माझे पती अमरावतीच्या कोर्टात वकिली करायचे. कामानिमित्त अकोल्याला गेले की भंगार बाजारात चक्कर मारल्याशिवाय परतायचे नाहीत. जुनी नाणी, पितळी दिवे, बंद पडलेली घड्याळं, काय वाटेल ते घेऊन यायचे. ते गेल्यावर बरेच दिवस मी त्या वस्तूंना हात लावला नाही. मग एकदा कपाट आवरायला काढलं, तेव्हा पेढ्याच्या रिकाम्या डब्यात चार लष्करी पदकं सापडली. फिती विटून गेल्या होत्या आणि धातूवर काळपट थर चढला होता.

मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. लढायांची कारणं आणि परिणाम मुलांकडून घोकून घेतले, पण लढाईवर गेलेल्या माणसाची एखादी वस्तू कधी हातात घेतली नव्हती. भिंग लावून पाहिलं. एका पदकाच्या पाठीवर आणि बाकीच्यांच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं होतं. हुद्दा होता शिपाई.

पुढचे काही आठवडे मी त्या माणसाच्या मागे लागले. चांदणीच्या आकाराचं पदक एकाहत्तरच्या लढाईत पूर्वेच्या आघाडीवर असणाऱ्यांना मिळालेलं. दुसरंही त्याच लढाईचं. तिसरं स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा सेवेत असलेल्यांना दिलेलं, आणि चौथं लढाईत जखमी झालेल्यांचं. नऊ वर्षं नोकरी झाल्यावर मिळणारं पदक मात्र त्यात नव्हतं. मी मनाशी जुळवून टाकलं की पोरगा लढला, जखमी झाला, आणि जखमेमुळे त्याला लवकर घरी यावं लागलं. घरातून ही पदकं चोरीला गेली असतील. ती परत नेऊन दिली की त्या घराला काय वाटेल, याचं चित्र मी रोज थोडं थोडं रंगवत होते.

माजी सैनिकांच्या कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी कागद दाखवले नाहीत, पण त्याच पलटणीतले एक गृहस्थ अकोल्यात राहतात, एवढं सांगितलं. मी त्या गृहस्थांना गाठलं. त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. मुलाच्या सायकलच्या दुकानात खुर्ची टाकून बसले होते. मी पदकं त्यांच्या हातावर ठेवली. नाव वाचून त्यांनी एकेका पदकावरून अंगठा फिरवला.

"धानाच्या बांधावर सुरुंग होता," मग म्हणाले. "माहा पाय त्याच्यावर पडला. सगळे पुढं गेले, यानं मांगं येऊन मले पाठीवर घेतलं. त्याच्या खांद्यात लोखंडाचा तुकडा घुसला, पण मले खाली नाही टाकलं त्यानं. हे दुकान, हे लेकरं, सारं त्याचं देणं आहे मॅडम."

त्या मित्राचं गाव हिवरखेड, असं त्यांनी सांगितलं. ते स्वतः एकदा त्याला भेटायला गेले होते. तो शेतावरच भेटला, तिथेच चहा मागवला, घरी काही नेलं नाही. आता तो वारला होता. बायको आणि मुलगा होते. "मी येतो तुमच्यासंग," म्हातारे म्हणाले. "वहिनीच्या पाया पडाचं राहून गेलं."

भाड्याची गाडी करून आम्ही हिवरखेडला गेलो. भाजीपाला पिकवणारं घर होतं. ओसरीवर एक म्हातारी मिरच्यांची देठं खुडत बसली होती. डोक्यावरचा पदर सारखा करून तिनं डावा कान आमच्याकडे वळवला. मुलगा चाळिशी ओलांडलेला, मळ्यातून नुकताच आलेला. मी पिशवीतून डबा काढला आणि झाकण उघडलं.

मुलगा एकदम उभाच राहिला. म्हातारीनं डब्यात एकदा पाहिलं आणि पुन्हा मिरची हातात घेतली.

"माह्या बाबाचे मेडल," मुलगा म्हणाला. "चोरी गेले होते. तुमाले कुठं सापडले?"

मी अकोल्याच्या भंगार बाजाराचं सांगितलं. तोवर अकोल्याचे म्हातारे काठी टेकून कसेबसे वाकले आणि म्हातारीच्या पायांकडे हात नेला. तिनं पाय आखडून घेतले.

"वहिनी, देव होता तुमचा माणूस. मले त्यानं मरणातून ओढून आणलं."

"तुमाले आणलं," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "मंग घरी आला आन माहा हा कान फोडला."

तिनं उजव्या कानाकडे बोट दाखवलं. ते बोटही मधल्या पेरात वाकडं होतं.

"आई, गप बस," मुलगा म्हणाला.

ती गप्प बसली नाही. झेंड्याचा दिवस जवळ आला की ती पदकं चिंच लावून घासायची, हे तिनं मला सांगितलं, जणू एखाद्या पदार्थाची कृती सांगत होती. "जरा कुठं काळं राह्यलं तं कमरेचा पट्टा काढे. ते छातीले लावून गावात जाये, लोकं सलाम करत. मी घरात पाठ शेकत बसो."

"लढाईनं बिघडते माणूस, वहिनी," अकोल्याचे म्हातारे म्हणाले. "आमी पाह्यलं ते कोणी पाहू नये. रातचा झोपत नव्हता तो."

"लढाईच्या आधी बी मारे. माह्या आंगाची हळद उतरली नव्हती तवा पह्यल्यांदा मारलं."

मग ती माझ्याकडे वळली. "तुमचे मालक मारत का?"

"नाही," मी म्हणाले.

"म्हणून तुमाले हे इकडं आणावं वाटलं."

तिला दिलासा द्यायला म्हणून मी एवढंच म्हणाले, की चोरानं वितळवून टाकली असती, निदान तसं तरी झालं नाही.

"कायचा चोर," ती म्हणाली. "तेरवी झाल्यावर मीच इकले. भंगारवाला आला होता. बाटल्यायसंग वजनात देऊन टाकले."

मुलगा तिच्याकडे पाहत राहिला. त्याचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल.

"मी बायकोले इचारलं तवा तू इथंच बसली होती," तो म्हणाला.

"होय."

"मी तिले मारलं. तिनंच माहेरी देले म्हणून घराबाह्यर काढलं. तू पाहून राहिली होती."

"मी बोलली असती तं मले मारलं असतं तुनं. तिले जायाले भातकुलीत माहेर तरी होतं. मले कुठं होतं?"

मुलगा आईच्या अंगावर धावून जाईल असं मला वाटलं. तो गेला नाही. त्यानं डबा उचलला, पदकं शर्टाला पुसली आणि घरात गेला. आतून खिळा ठोकल्याचा आवाज येऊ लागला. थोड्या वेळानं त्यानं आम्हाला आत बोलावलं. म्हातारीच्या खाटेसमोरच्या भिंतीवर, झोपल्यावर नेमकी दिसतील अशी, चारही पदकं त्यानं ओळीनं टांगली होती.

"आता बुढी हे रोज घासन," तो मला म्हणाला. "चोट्टी."

"आणि तुमची बायको?" मी विचारलं. "तिला कळवाल ना?"

"ते गेली ते गेली. आता काय तिले वरात घेऊन आणू?"

परतताना अकोल्याचे म्हातारे खिडकीबाहेर बघत बसले होते. अकोला जवळ आल्यावर ते म्हणाले, "मले सांगा मॅडम, मी आता त्याले शिव्या देऊ का? त्याच्या पाठीवर बसून आलो मी." दुकानासमोर उतरले आणि माझ्याकडे न बघता आत गेले. नंतर मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा मुलानंच उचलला आणि वडील झोपलेत म्हणून सांगितलं.

भातकुली आमच्या अमरावतीपासून जवळच. मी तिकडे गेले, कारण त्या बाईवरचा आळ खोटा ठरला हे तिला कुणीतरी सांगायला हवं होतं. ती भावाच्या मळ्यात मेथीच्या जुड्या बांधत होती. भावजय बांधावर उभी राहून हात चालव, हात चालव म्हणत होती. मी ओळख दिली आणि हिवरखेडला काय झालं ते सगळं सांगितलं.

तिनं हातातली जुडी बांधून बाजूला ठेवली.

"मले माहीत होतं," ती म्हणाली. "बुढीनं पोत्यात टाकले तवा मी दारातच होती."

"मग सांगितलं का नाही नवऱ्याला?"

"मले वाटलं बुढी बोलन. मले मारून राह्यला होता तवा ते सामने बसून होती. म्या तिच्याकडं पाह्यलं. वाटलं, आता बोलन. मंग वाटलं, सकाळी बोलन. नाही बोलली. भाऊ घ्याले आला तरी नाही बोलली."

भावजयीनं पुन्हा हाक मारली. तिनं दुसरी जुडी घेतली.

"कुठं टांगले म्हणता?"

"तिच्या खाटेच्या समोर."

"झोपल्यावर दिसते का तिले?"

"दिसतात."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि दातानं दोरा तोडला.