गजूचं "बराबर का?"

गजूला मी आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढून टाकलं होतं.

तो गेला त्या सकाळीही तो ग्रुपच्या बाहेरच होता. हे आधी लिहिते, कारण चौदा दिवस लोक माझं सांत्वन करताहेत आणि मी ते निमूट घेते आहे.

गजानन. कुरुंद्याच्या शाळेत गणित शिकवायचा. माझा कॉलेजपासूनचा मित्र. मी ज्युनिअर कॉलेजला शिकवायला लागल्यापासून मला चिडवायला "मॅडम" म्हणायचा.

गेली एकोणीस वर्षं दर रविवारी दुपारी आम्ही चौघं वसमतला त्याच्या गच्चीवरच्या खोलीत एक खेळ खेळायचो. गजू, सलीम, प्रज्ञा आणि मी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नियमांचं एक जाड पुस्तक, कागद, पेन्सिल आणि वीस बाजूंचा फासा. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली माणसं होतात. अवघड काही करायचं असेल तर जमलं की नाही ते फासा ठरवतो.

गोष्ट गजू सांगायचा. पुस्तक इंग्रजी, तेही झेरॉक्स. पण त्याच्या तोंडून त्यातले राक्षसही आमच्याकडचंच बोलायचे.

त्याचा एक रिवाज होता. फासा टाकण्याआधी तो विचारायचा, "बराबर का?"

सगळ्यांनी "बराबर" म्हटल्याशिवाय फासा हातातून सुटायचा नाही. आणि एकदा म्हटलं की नंतर कुरकुर नाही.

मग खेळाची नवी आवृत्ती आली. नियम बदलले.

नेटवर खेळणाऱ्यांचे दोन तट पडले. जुनेवाले, नवेवाले. लोक एकमेकांना गद्दार म्हणायला लागले. आम्ही ते वाचून हसायचो. चार माणसांत कसले तट पडणार?

माझं पात्र होतं कमळी. झाडपाल्याची औषधं देणारी बाई. एका रविवारी कमळी बारवेत, पायऱ्यांच्या खोल विहिरीत, पडली.

जुन्या पुस्तकात ताकद शून्य झाली की माणूस मेला. नव्यात तीनदा फासा टाकता येतो. दोनदा चांगला पडला तर वाचतो.

गजूने नवं पुस्तक उघडलं. मी म्हटलं, मेली ती. जुन्या नियमांनी जगली, तर मरेलही जुन्याच नियमांनी.

"अवो मॅडम, तुमचीच बाई वाचवून राहिलो मी. काहून भांडता?"

सलीम म्हणाला, हिला स्वतःच्या मयतीचीसुद्धा पावती लागते.

मी हसले नाही. घरी आले. ग्रुपची अ‍ॅडमिन मी होते. नवी आवृत्ती हवी त्याने आपला वेगळा ग्रुप काढावा, असं लिहिलं आणि गजूला काढलं. सलीम आपणहून बाहेर पडला. प्रज्ञा राहिली, पण लिहायची बंद झाली.

दोघींचा ग्रुप. पाच महिने एकही मेसेज नाही.

तेव्हा मला ते तत्त्व वाटलं होतं. आता वाटतं, गजूपुढे मला फक्त खरं ठरायचं होतं. तेही नक्की सांगता येत नाही.

पाच महिन्यांनी त्याची व्हॉइस नोट आली. एक मिनिट चार सेकंद. भांडण उकरून काढणार, असं समजून मी ती ऐकली नाही.

नोट आल्यापासून नवव्या दिवशी शाळेत निघताना, बुटाची लेस बांधता बांधता गजू गेला. हार्ट अटॅक.

भेटायला गेले तेव्हा गजूची बायको, मीरावहिनी, म्हणाल्या, "ताई, तुमच्या उत्तराची वाट बघत होते ते. काय पाठवलं होतं तुमाला?"

मी म्हटलं, खेळाचं काहीतरी.

खोटं बोलले. मला माहीतच नव्हतं.

तेव्हापासून मी घाबरलेली आहे. दुसरा शब्द नाही.

फोन कपाटात साड्यांखाली ठेवला. मग आतून त्याचा आवाज येईल असं वाटायला लागलं, म्हणून बाहेर काढला. चुकून बोट लागेल म्हणून ती चॅट उघडत नव्हते. डिलीट करायचीही हिंमत नव्हती.

छातीत दुखतंय, असं म्हणाला असेल तर?

आज सकाळी सलीमला बोलावलं. तो समोर बसला आणि मी ती नोट लावली.

पहिले अकरा सेकंद नुसता दम. माणूस हवा ओढतोय, सोडतोय.

मग, "थांबा मॅडम. जिना चढून आलो. दम लागून राहिला जरा."

पुन्हा दम.

"कमळी बारवेतच हाय. मी तिला मारली न्हाई, वाचवली बी न्हाई. तुमच्याबिगर कसं ठरवू? जुनं पुस्तक घ्या, नवं घ्या, मला कायबी चालतं. रविवारी या. बराबर का?"

एवढंच.

सलीम रडला. मला रडू आलं नाही. भीती कमी होईल असं वाटलं होतं, ती वाढली.

बावीस पायऱ्यांचा जिना. एकोणीस वर्षं तो तिथून बोलत बोलत चढायचा.

त्या दिवशी ऐकलं असतं तर "डॉक्टरला दाखव" म्हणाले असते का? खरं लिहायचं तर माहीत नाही. बहुतेक मी त्याला जुन्या पुस्तकातला पान नंबर पाठवला असता.

हे मला कधीच कळणार नाही, आणि त्याचीच भीती सगळ्यात जास्त वाटते.

सलीमने माझ्यापुढे फासा ठेवला. गजूचाच. वहिनींनी दिलेला. म्हणाला, टाक तीनदा.

मी तो मुठीत धरला. कमळी मेली तर काय, वाचली तर काय? पुढची गोष्ट सांगणारा कुठे आहे?

नाही टाकला.

पण फासा टाकण्याआधीचं उत्तर माझ्याकडे राहिलं होतं.

वहिनींना विचारून त्याचा नंबर ग्रुपमध्ये परत घेतला आहे. सलीमलाही घेतलं.

भावपूर्ण श्रद्धांजली, गजू.

आणि बराबर.