साखरेचा दुसरा चमचा

वडिलांनी बाटल्यांत साखर दोनदा घातली असेल का, हा प्रश्न शनिवारपासून ऑड्रीच्या डोक्यातून जात नव्हता. शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलताना तो होता, दोरीवर कपडे वाळत घालताना होता, आणि शेजारी नवरा घोरायला लागला की तो तर तिच्या उशाशीच येऊन बसायचा. तसा प्रश्न विचारायला अवघड नव्हता. पण उत्तर वडिलांकडून, म्हणजे सेप हेस्लॉप यांच्याकडून घ्यायचं होतं, तिथेच सगळं अडत होतं.

घरातलं सातवं मूल म्हणून त्यांचं नाव सेप्टिमस, म्हणजे लॅटिनमध्ये ‘सातवा’, असं ठेवलं होतं. त्याचं सेप झालं, ते शाळेत जायच्याही आधी. डरहॅमजवळच्या थॉर्नलॉच्या कोळसा खाणीत त्यांनी उभा जन्म सुरुंग लावण्यात घालवला. कोळशाच्या थरात भोकं पाडून घ्यायची, ती स्फोटकांनी भरायची, माणसं मागे सारायची, येणाऱ्या प्रत्येक वाटेवर एकेक राखणदार उभा करायचा आणि मग मोठ्याने हाळी द्यायची. प्रत्येक राखणदाराचं उत्तर कानावर आल्याशिवाय स्फोटाच्या यंत्राची किल्ली फिरवायची नाही. ती किल्ली सेपच्या कमरेला चामड्याच्या पट्ट्याला बांधलेली असे आणि तिला खाणीच्या मॅनेजरनेही कधी हात लावला नव्हता. स्फोट झाले की ते डोळे मिटून ऐकत. लावले तितके ऐकू आले तर पुढे जायचं. एखादा कमी ऐकू आला तर कुणी पाऊल टाकायचं नाही, मग वर कितीही आरडाओरडा होवो. त्यांच्या पाळीत कुणाचं बोटसुद्धा गेलं नाही. क्लबात लोक चेष्टा करायचे, ‘सेपला किती वाजले विचारा, तो आधी दोन्ही बाजूंना माणूस उभा करील आणि मग घड्याळ काढील.’

खाण बंद झाली आणि सेप दिवसभर घरात बसू लागले, तेव्हा एट्टीने, म्हणजे ऑड्रीच्या आईने, औषधांच्या दुकानातून त्यांना घरी बिअर करायचा संच आणून दिला. झाकणाची पांढरी प्लास्टिकची बादली, यीस्टची पुडी आणि आत काकवीसारखा घट्ट, काळपट माल्टचा पाक असलेला मोठा डबा. ‘माझ्या पायात घुटमळू नकोस,’ ती म्हणाली होती, ‘काहीतरी भरत बस.’ सेपनी डब्यावरच्या सूचना चष्मा लावून दोनदा वाचल्या आणि तेव्हापासून थॉर्नलॉतल्या घरांच्या त्या रांगेत दर काही आठवड्यांनी ब्राउन एल या तपकिरी बिअरचा वास येऊ लागला. भाजलेल्या पावाचा आणि जरा करपलेल्या गुळाचा असतो तसा. दुसऱ्या कुठल्या जातीची बिअर त्यांनी केली नाही. फिकट बिअर बायकांच्या केसांना लावायला बरी, असं त्यांचं मत होतं.

एट्टीला जाऊन दोन हिवाळे झाले. बादली मात्र चालूच होती. डबा गरम पाण्यात ठेवून पाक सैल करायचा, बादलीत ओतायचा, साखर आणि उकळतं पाणी घालून ढवळायचं, मग गार पाणी आणि वर यीस्ट. निवृत्त खाणकामगाराला कोळसा फुकट मिळतो, त्यामुळे सेपच्या चुलाण्यातली आग कधी विझत नसे आणि घर भट्टीसारखं गरम असे. त्या आगीशेजारी, एट्टीच्या जुन्या कोटात गुंडाळलेली बादली बसायची. झाकणातल्या नळीतून टुपुक टुपुक बुडबुडे यायचे. सेप म्हणायचे, एवढी सोबत पुरते. बुडबुडे थांबले आणि साखर किती उरली ते दाखवणारी काचेची तरंगती नळी दोन दिवस एकाच खुणेवर राहिली, की बाटल्या भरायच्या. प्रत्येक बाटलीत आधी एक छोटा, सपाट चमचा साखर. तिच्यानेच बंद बाटलीत फेस धरतो. जास्त झाली तर मात्र काचेला ते झेपत नाही.

ऑड्री शनिवारी बाजारहाट करायला डरहॅमला जायची, तेव्हा तिची आठ वर्षांची मुलगी जिल आजोबांकडे असायची. तिला घेऊन घरी परतताना बसमध्ये जिलने सहज सांगितलं.

“आजोबांनी आज साखर दोनदा घातली.”

“दोनदा म्हणजे?”

“आधी सगळ्या बाटल्यांत घातली. मग बेलाआजी अंडी द्यायला आली, ते दारात गप्पा मारत बसले. मग आत येऊन परत सगळ्यांत घातली.”

“तू सांगितलं नाहीस त्यांना?”

“सांगितलं. ते म्हणाले, एट्टी, मी मोजतोय, मध्ये बोलू नकोस.” जिलला हसू फुटलं. “मला एट्टी म्हणाले, आई.”

ऑड्रीने जिलच्या कोटाचं वरचं बटण लावलं, ते आधीच लावलेलं होतं.

रविवारी जेवायला सेप तिच्या घरी आले. मांस कापून झालं, रस्सा फिरला, तोवर तिने धीर गोळा केला.

“बाबा, बाटल्यांत साखर एकदाच घातलीत ना?”

सेपनी काटा खाली ठेवला. “कोण म्हणतं?”

“कोणी नाही. मीच विचारते.”

“माझ्या हातून मोजणं चुकलं असं थॉर्नलॉत कोण म्हणतं ते सांग, त्याला चहाला बोलावतो.” मग जिलकडे बघून डोळे मिचकावले. “हिचं काय ऐकतेस, हिला सात अधिक सहा बोटांवर लागतात.”

“आता नाही लागत,” जिल म्हणाली.

ऑड्रीचा नवरा डेरिक बटाट्यात तोंड घालून हसला. “अगं, बिअर आहे ती. तू काय बॉम्ब असल्यासारखी बोलतेस.”

विषय तिथेच संपला. संध्याकाळी बाबांना घरी सोडायला गेली तेव्हा ते कोट काढेपर्यंत तिने कपाट उघडून पाहिलं. चुलाण्याला लागून भिंतीतच कपाट होतं, त्याची मागची वीट हाताला गरम लागत होती. आत बाटल्या दाटीवाटीने उभ्या. तिने एक उचलून दिव्यापुढे धरली. तपकिरी काचेत तपकिरी बिअर, त्यातून काय दिसणार? कपाटाच्या दाराशी जिलचं स्टूल होतं. जिल रोज शाळा सुटल्यावर, आई कामावरून येईपर्यंत, त्या दाराला पाठ टेकून बसायची.

बाटल्या उचलून न्याव्यात, असं तिच्या मनात आलं. पण मग का ते सांगावं लागलं असतं. तिने स्टूल उचललं आणि खिडकीशी नेऊन ठेवलं.

“तिथे वारा लागतो पोरीला,” सेप म्हणाले आणि स्टूल परत जागेवर आणून ठेवलं.

ऑड्रीने ते तिथेच राहू दिलं. पण घरी जाताना तिची भीती वाढतच गेली. साखर दोनदा घातली असेल तर गॅसची कळ बंद करायची आठवत असेल का? जिन्यावरचा दिवा? आणि पुढचा प्रश्न आला की डॉक्टर येणार, डॉक्टर आला की टेकडीवरचं ते वृद्धांचं घर येणार. शेजारच्या रांगेतल्या मिस्टर रेनना चार दिवस आरामाला म्हणून तिथे नेलं होतं. ते रोज पहाटे पाळीच्या वेळेला उठून बूट शोधायचे, आणि बूट शोधता शोधताच गेले. बाबा त्या चकचकीत जमिनीवर अनवाणी वाकून पलंगाखाली बघताहेत, हे चित्र तिला जागेपणी दिसायचं. एका बाजूला जिलची पाठ, दुसऱ्या बाजूला बाबांचे अनवाणी पाय. दोन्हीकडून जीव टांगणीला.

बुधवारी ती शाळेतली भांडी आवरत होती, तेव्हा ऑफिसमध्ये तिच्यासाठी फोन आला. बेला होती, सेपची शेजारीण.

“ऑड्री, घाबरू नकोस हं.”

ऑड्रीने टेबलाची कड धरली. “जिल कुठे आहे?”

“माझ्याकडे. बिस्किटं खातेय. तुझ्या बापानेच तिला उचलून माझ्या दारात आणून ठेवलं. म्हणाला, हिला सोडू नकोस. आता तो अंगणाच्या मागच्या दारात उभा आहे, दाराला एट्टीचा लाल स्कार्फ आडवा बांधलाय. मी मांस भरलेला पाव घेऊन गेले, गरम गरम, तर मला म्हणतो, बेला, माझ्या राखणीत कुणी पुढे यायचं नाही. मी म्हटलं, अरे पाव आहे, खाणीचा इन्स्पेक्टर नाही. ऐकत नाही. आणि आत काहीतरी फुटतंय गं.”

ऑड्री एप्रनसकट धावत निघाली.

सेप मागच्या अंगणात ताठ उभे होते. घराच्या सगळ्या खिडक्या उघड्या, आणि अंगणात लोखंडी पत्र्यावर चुलाण्यातले निखारे काढून ओतलेले. त्या घरात आग विझलेली तिने कधी पाहिली नव्हती, आईच्या दफनाच्या दिवशीसुद्धा नाही. त्यांच्या गालावर एक बारीक लाल रेघ होती.

“बाबा, लागलंय तुम्हाला.”

“कपाटाच्या दाराची फळी उडाली, तिची काडी. जिल तेव्हा पाणी प्यायला उठली होती.” त्यांनी ओठ घट्ट मिटले. “नुकतीच उठली होती, पोरी.”

आत ठप्प असा आवाज झाला, मग काच सांडल्याचा. सेप डोळे मिटून ऐकत होते.

“आता थंड पडतील तशा गप्प बसतील,” ते म्हणाले. “गारव्याने जोर उतरतो. घाई करायची नाही.”

“आत किती राहिल्यात?”

त्यांनी डोळे उघडले आणि आपल्या हाताच्या बोटांकडे बघत राहिले, जिल बोटांवर मोजते म्हणून तिची चेष्टा केली होती, अगदी तिच्यासारखे.

“भरल्या किती होत्या गं?” त्यांनी विचारलं.

सुरुंग लावणारा माणूस विचारत होता की मी किती लावलेत.

“मला नाही माहीत, बाबा.”

“मोजल्या होत्या मी. मोजल्याच असणार.” मग उघड्या खिडकीकडे बघत, “पोरगी बरोबर होती. दुसरा चमचा घातलेला मला आठवतोय. पहिला आठवत नाही. कितीही आठवून पाहिलं तरी नाही.”

अंधारून येईपर्यंत ते दोघं अंगणात उभे राहिले. बेलाने स्कार्फच्या पलीकडूनच पाव दिला, तो त्यांनी उभ्याउभ्या गार खाल्ला. आवाज थांबून खूप वेळ झाल्यावर सेपनी कोळशाची पोती पाण्यात भिजवली, चामड्याचे हातमोजे घातले, जुनं खाणीतलं शिरस्त्राण चढवलं.

“मी अग्निशमनवाल्यांना बोलावते,” ऑड्री म्हणाली.

“बिअरसाठी? माझं नाव मातीत मिळवशील.” ते हसले, पण चेहरा पिठासारखा पांढरा होता. “तू गल्लीच्या तोंडाशी उभी राहा. कुणाला येऊ द्यायचं नाही. मी हाळी दिली की उत्तर दे. तुझं उत्तर आलं नाही तर मी बाटलीला हात लावणार नाही.”

ती गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. एकेक बाटली ओल्या पोत्यात गुंडाळून ते अंगणात आणत, जमिनीवर ठेवत, आणि पोत्याखालूनच झाकण ढिलं करत. त्याआधी दर वेळी त्यांचा आवाज येई, मोठा, खणखणीत, तरुण माणसाचा.

“उघडतोय!”

“मोकळं आहे,” ती ओरडायची. दर वेळी तिला वाटायचं, या खेपेला पोतं पुरणार नाही. फेस दगडांवरून वाहत गल्लीच्या गटारात गेला. सगळ्या रांगेला करपलेल्या गुळाचा वास सुटला. पलीकडून कुणीतरी खिडकी उघडून म्हणालं, “सेप, ही कसली उधळपट्टी, आम्ही मेलो होतो का?” सेपनी पुढची बाटली उचलली.

सगळं संपल्यावर ते थंड चुलाण्यापुढे खुर्चीत बसले. बादली रिकामी, एट्टीचा कोट तिच्याभोवती तसाच.

“त्या पोरसवदा डॉक्टरला सांगणार नाहीस ना?” त्यांनी विचारलं.

“चहा ठेवते,” ऑड्री म्हणाली.

सकाळी जिल शाळेत गेल्यावर ती फोनपाशी उभी राहिली. दवाखान्याचा नंबर तिला पाठ होता. डेरिक जॅकेट घालता घालता म्हणाला, “आधी डॉक्टरशी बोल, सगळं ठरव, मग त्यांना सांग. आधी सांगितलंस तर म्हातारा आतून कडी लावून बसेल.”

“हो,” ती म्हणाली. त्याचं बरोबर होतं. तो गेला.

तिने दवाखान्याचे पहिले तीन आकडे फिरवले. डॉक्टर चांगला होता, हळू बोलायचा, घरी यायलाही तयार झाला असता. बाबांनी सहज दार उघडलं असतं, चहा विचारला असता. आणि मग तो त्यांना विचारत बसला असता, आज वार कोणता, महिना कोणता, आणि बाबांच्या लक्षात आलं असतं की आपल्यामागे हे ठरवून झालं आहे, आपल्याला कुणी हाळी दिली नाही.

तिने फोन खाली ठेवला. बाबा चिडतील. कडी लावतील. कदाचित जिलला पुन्हा पाठवू नकोस म्हणतील, आणि जिल पुन्हा तिथे एकटी बसणार नाही हे तर तिला आज स्वतःच सांगायचं होतं. कदाचित नुसते गप्प बसतील, आणि ते तिला सगळ्यात जड जाईल. पण डॉक्टरला ती फोन करणारच होती, आजच, त्यांनी हो म्हटलं तरी आणि नाही म्हटलं तरी. फक्त आधी त्यांच्या तोंडून काहीतरी उत्तर ऐकून.

तिने पुन्हा फोन उचलला आणि थॉर्नलॉचा, आपल्या माहेरचा नंबर फिरवू लागली.